वाड्यावरच्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि लगोलग बार्शी तालुक्याच्या शिवारांतही त्याचा वावर आढळू लागला, तेव्हापासून आपल्या सोलापूर जिल्ह्यात हिंस्र प्राणी आणि शेतकरी यांच्याविषयीची चर्चा थांबलेली नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या या वाघाचे जेमतेम बावीस चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात भागणार नव्हते, हे उघडच होते. त्याने गाई-वासरे मारली, तुरीच्या आणि ज्वारीच्या रानात एकट्यादुकट्याने जायला माणसे धजेनाशी झाली, आणि शासनानेही दखल घेऊन बाहेरून पथके आणली, कॅमेरे लावले, त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे प्रयत्न केले. हे सारे करणे आवश्यकच होते. परंतु या सगळ्या चर्चेत एका प्राण्याचे आणि एका समाजाचे नाव फारसे ऐकू येत नाही, आणि त्याविषयी लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच. तो प्राणी म्हणजे लांडगा, आणि तो समाज म्हणजे मेंढरे घेऊन वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर, वाड्यावर म्हणजे मेंढरांच्या फिरत्या मुक्कामावर राहणारा मेंढपाळ.

मी पशुवैद्यक म्हणून या जिल्ह्यात नोकरी केली. उत्तर सोलापूर, मोहोळ आणि मंगळवेढा या तालुक्यांत वन्यप्राण्यांनी मारलेल्या जनावरांचे शवविच्छेदन करून दाखला देण्याचे काम अनेकदा माझ्याकडे येत असे. त्या कामात एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. ज्याचा गोठा गावात आहे, ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि ज्याला पोलीस पाटील ओळखतो, त्याच्या मेलेल्या कालवडीचा पंचनामा उशिरा का होईना होत असे; वाड्यावरच्या मेंढीचा मात्र बहुतेक वेळा होत नसे. होत नसे म्हणजे कोणी मुद्दाम नाकारत असे असे नव्हे. नियम ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, तो माणूस एका जागी राहणारा आहे, आणि मेंढपाळ एका जागी राहत नाही.

लांडगा हा सोलापूरचा पाहुणा नाही. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी या भागातील माळ हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर आहे. त्याला दाट जंगल लागत नाही. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे आपले उघडे गवती माळ, त्यांतल्या ओघळी, ओढ्याकाठची खुरटी झुडपे आणि सभोवतीची कोरडवाहू शेते एवढे त्याला पुरते. थंडीच्या दिवसांत ओढ्याच्या दरडीत किंवा माळावरच्या बिळात मादी पिले घालते आणि पुढे काही महिने कळपातील सगळी मोठी जनावरे त्या पिलांना पोसतात. काळवीट, ससे, उंदीर हे त्याचे रानातले खाद्य. पण माळावर काळविटापेक्षा शेळ्या-मेंढ्या कितीतरी अधिक आहेत, आणि लांडगा त्यांच्यावरही जगतो, हे मेंढपाळाला कोणी सांगावे लागत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि सतीश कुमार यांनी नान्नजच्या परिसरात लांडगे आणि पाळीव जनावरे यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला, त्यालाही आता पंचवीस वर्षे झाली. म्हणजे हा प्रश्न कोणाला ठाऊक नव्हता असे म्हणायला जागा नाही.

देशात भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आली. म्हणजे ज्याच्यासाठी आपण प्रकल्प उभारले, गाभा क्षेत्रे आखली आणि गावे हलवली, त्या वाघापेक्षा लांडगा संख्येने अधिक नाही. कदाचित कमीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दोघांनाही सारखेच स्थान आहे. तरीही वाघ शिवारात आला की पथक येते. लांडग्याने कोकरू नेले तर कोणी येत नाही, आणि कोणी येईल अशी मेंढपाळाची अपेक्षाही उरलेली नाही. ही अपेक्षा संपणे मला सर्वांत काळजीचे वाटते, कारण ज्याची शासनाकडून अपेक्षा संपते तो आपला बंदोबस्त आपणच करू पाहतो. मग बिळात धूर केला जातो, बिळाचे तोंड दगडांनी बुजवले जाते, मेलेल्या मेंढीवर विष टाकले जाते. त्या विषाने लांडगा मरतोच, पण खोकड, तरस, घारी आणि कित्येकदा वाड्याची राखण करणारी स्वतःची कुत्रीही मरतात.

वाड्यावरचे नुकसान कसे होते हे शहरातल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पावसाळा सरला की सांगोला, मंगळवेढा, माळशिरस भागांतील अनेक कुटुंबे मेंढरे घेऊन भीमा आणि कृष्णा यांच्या काठच्या बागायती भागाकडे निघतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. एका शेतात एक-दोन रात्री, मग पुढचे शेत, मग पुढचे गाव. रात्री मेंढरे वाघरीत, म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या जाळीच्या आवारात कोंडलेली असतात, लहान कोकरे डालग्याखाली झाकलेली असतात, आणि वाघरीला लागूनच उघड्यावर बायका-मुलांसह माणसे झोपलेली असतात. पावसाची सर आली, वारा सुटला किंवा कुत्री भलत्याच दिशेला भुंकू लागली की मेंढरे बुजतात, जाळी एका बाजूने कलते आणि तेवढ्यात लांडग्याचे काम होते. दिवसा चारणीतही हेच घडते. एक लांडगा समोर दिसतो, कुत्री आणि राखणदार त्याच्यामागे धावतात, आणि मागच्या अंगाने दुसरा कोकरू उचलून नेतो, असे मेंढपाळांकडून मी असंख्य वेळा ऐकले आहे.

आता याच्या भरपाईचे काय, ते पाहू. राज्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मेलेल्या पाळीव जनावरांसाठी आर्थिक साहाय्य मिळते आणि त्या प्राण्यांच्या यादीत वाघ-बिबट्याबरोबर लांडगा, तरस आणि कोल्हा यांचीही नावे आहेत. गाय, म्हैस किंवा बैल असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये यांतील कमी असेल ती रक्कम. मेंढी-शेळीसाठी ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये यांतील कमी ती. माणूस दगावला तर २५ लाख रुपये दिले जातात. २०२३ मध्ये तर राज्याने यासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि भरपाई मुदतीत देण्याचे बंधन घालून घेतले. कागदावर महाराष्ट्राची ही व्यवस्था चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण कागदाच्या पुढे सुरू होते. घटना ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवायची, मृत जनावर जागेवरून हलवायचे नाही, वनकर्मचारी, पशुवैद्यक आणि गावातील पंच यांच्या समक्ष पंचनामा व्हायचा, आणि मग मालकाची कागदपत्रे जोडून प्रस्ताव जायचा. गावातल्या शेतकऱ्याला हे जड जात असले तरी जमते. मेंढपाळाचे पाहा. ज्या गावाच्या हद्दीत मेंढी मारली गेली, त्या गावात त्याला कोणी ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी वाडा पुढच्या शेतात हलवायचा असतो, कारण शेतकऱ्याशी तसा बोल झालेला असतो आणि मेंढरांना चाराही हवा असतो. वनरक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी येतो तेव्हा तेथे खुंट्यांची भोके आणि लेंड्या यांखेरीज काही उरलेले नसते. मागे थांबावे तर सगळ्या कुटुंबाने थांबावे लागते. एकट्या माणसाला मेलेल्या मेंढीजवळ बसवून ठेवले तर शे-दीडशे मेंढरांमागे एक राखणदार कमी होतो आणि त्याच रात्री पुन्हा नुकसान होण्याची भीती असते. बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड गावाकडच्या घरी, पेटीत. एका प्रकरणात मी स्वतः दाखला लिहून दिला होता. त्या मेंढपाळाने नंतर चकरा मारणे सोडून दिले, कारण प्रत्येक चकरेला त्याचा एक दिवस आणि गाडीभाडे जात होते, आणि कार्यालयात तो रहिवासी कोणत्या गावचा यावरच प्रत्येक वेळी गाडी अडत होती.

याहून अवघड बाब कोकरांची आहे. बिबट्या मोठे जनावर मारतो, ओढत नेतो, पण बहुधा काही अवशेष मागे राहतात. लांडगा महिना-दीड महिन्याचे कोकरू तोंडात धरून उचलून नेतो आणि बिळाकडे किंवा दूर ओढ्यात जाऊन खातो. मागे चार रक्ताचे थेंब आणि लोकरीचा पुंजका राहतो. मृत जनावर नाही तर शवविच्छेदन नाही, शवविच्छेदन नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर भरपाई नाही. मेंढपाळाचा पुढच्या वर्षाचा कळप ज्या कोकरांतून उभा राहायचा, त्यांचीच नोंद आपल्या व्यवस्थेत होऊ शकत नाही. लांडग्यामुळे जिल्ह्यात होणारे नुकसान फार नाही असे जेव्हा शासकीय आकड्यांच्या आधारे सांगितले जाते, तेव्हा ते आकडे केवळ नोंदलेल्या नुकसानीचे असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरी अडचण कुत्र्यांची. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला वन विभागाकडून भरपाई मिळत नाही, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. त्यामुळे संशयाचा फायदा नेहमी नकाराच्या बाजूने जातो. हे कुत्र्यांचे काम असेल असे म्हटले की विषय संपतो. वास्तविक हे ओळखता येते. कुत्र्यांची टोळी वाड्यात शिरली की अनेक मेंढ्यांना जागोजागी चावे असतात, कान, शेपट्या, पाय फाडलेले असतात आणि खाल्लेले फारसे नसते. लांडग्याचा चावा बहुधा गळ्यावर किंवा मागच्या मांडीवर असतो आणि तो खायला सुरुवात करतो. बिबट्याचे सुळे गळ्यात किंवा मानेत खोल रुतलेले असतात आणि जनावर ओढत नेल्याची खूण असते. चाव्याजवळचे कातडे सोलून आत रक्त साकळलेले दिसले तर चावा जिवंतपणीचा. नुसती फाटलेली कोरडी जखम असेल तर आधीच मेलेल्या जनावराला नंतर कोणी तोंड लावले आहे. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सुरी, उजेड आणि वेळेवर पोहोचलेला पशुवैद्यक एवढेच लागते. पण आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत रिक्त जागा किती आणि एकेका डॉक्टराकडे गावे किती, हे ग्रामीण वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

गावोगावच्या वेशीबाहेर मेलेली जनावरे आणि कोंबड्यांचा टाकाऊ भाग उघड्यावर फेकण्याची जी रीत पडली आहे, तिने मोकाट कुत्र्यांची संख्या वाढते. ती कुत्री मेंढरे मारतात, लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग देतात, त्यांच्याशी संकर करतात, आणि उसातल्या बिबट्यालाही गावाजवळ खेचतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या मुलखात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांच्या आहारात वजनाने सर्वाधिक, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. ग्रामपंचायतीने कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणे आणि पिंजरा लावण्याची मागणी करणे यांत बिबट्याच्या दृष्टीने पहिले काम अधिक परिणामकारक आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर करमाळ्याविषयी लिहिणे भाग आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, भीमेच्या दोन्ही काठांना ऊस आला, आणि आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून आपण ओळखले जातो. बारा ते अठरा महिने रानात उभा राहणारा ऊस म्हणजे बिबट्याला लपायला जागा, पिले वाढवायला आडोसा आणि जवळच पाणी. तो येथे राहू लागला यात नवल काहीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसांचा जीव घेतला आणि १८ डिसेंबरला वांगी परिसरात त्याला गोळी घालण्यात आली. माणसांवर वारंवार हल्ला करणारा आणि पकडता न येणारा प्राणी मारण्याची तरतूद कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे, ती असलीच पाहिजे, आणि त्या वेळी ती वापरण्यात आली याविषयी माझी तक्रार नाही. ज्या घरांतली माणसे गेली त्यांच्यापुढे संरक्षणाची भाषा करण्याचा अधिकार मला नाही.

माझी तक्रार पुढच्या गोष्टीविषयी आहे. त्यानंतर जिल्ह्यात कोठेही बिबट्या नुसता दिसला तरी पिंजऱ्याची मागणी होऊ लागली आणि ती पुरी करणे हीच लोकप्रतिनिधींची कामगिरी ठरू लागली. पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडल्याने काय होते हे जुन्नरने पाहिलेले आहे. तेथे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले, आणि त्याआधी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले वाढून सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात दात आणि नखे दुखावलेला प्राणी माणसाला अधिक धोकादायक होतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा थोड्याच दिवसांत दुसरा बिबट्या घेतो. पिंजरा लागल्याने गावाला धीर येतो, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचा धोका त्याने कमी होत नाही.

तो धोका कमी करायचा तर कृषिपंपांना दिवसा वीज द्यावी लागेल. पाळीपाळीने रात्रीची थ्री-फेज वीज देण्याच्या पद्धतीने भीमाकाठच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे अंधारात बांधावर उभे केले आहे. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे; बिबट्याचा वावर नोंदलेल्या गावांना त्यात अग्रक्रम द्यावा, एवढी साधी मागणी आहे. तसेच ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचे. गळीत हंगामात बीड, धाराशिव आणि इतर भागांतून आलेली कुटुंबे उसाच्या फडालगत पाचटाच्या कोप्यांत राहतात, पहाटे आईबाप फडात जातात आणि लहान मुले कोपीपाशी असतात. या मुलांसाठी कारखान्यांनी बंदिस्त आणि उजेडाची जागा करून देणे हे दयेचे काम नाही, ते त्यांचे कर्तव्य आहे. तोडणीत बिबट्याची पिले सापडली तर ती उचलून गावात आणू नयेत, त्यांच्याभोवती गर्दी करू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याच जागी रात्री पिले ठेवली की मादी बहुधा ती घेऊन जाते, आणि पिले हरवलेली मादी फडाभोवती फिरत राहिली तर धोका मजुरांनाच असतो.

संरक्षणाचा सगळा भार एकाच बाजूवर टाकला की काय होते, याचा अनुभव सोलापूरकरांनी माळढोकच्या बाबतीत घेतलेला आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि शेजारच्या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा, नेवासा येथील गावेच्या गावे अभयारण्यात गेली. प्रत्यक्ष माळढोकाच्या वावराची रानमाळे त्यातला अगदी लहान भाग होती. उरलेल्या ठिकाणी शेतकऱ्यांना जमिनीचे व्यवहार, बांधकाम, उद्योग यांसाठी अडवणूक तेवढी भोगावी लागली. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले, पण तोपर्यंत एका पिढीच्या मनात त्या पक्ष्याविषयी कडवटपणा भरून राहिला होता. आज नान्नजला माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो. गवताळ माळावर सलग समतल चर खणणे आणि गिरिपुष्पासारखी झाडे लावणे हाही विकासच मानला गेला, त्यात मेंढरांची चराई आणि माळावरच्या प्राण्यांचा आसरा दोन्ही आक्रसले. ज्या माळावर मेंढपाळ चारतो तोच माळ लांडग्याचा आहे; माळ मोडला की दोघेही बागायतीच्या कडेला येतात आणि तेथे त्यांची गाठ अधिक वाईट रीतीने पडते.

लांडगा संपला तर काय बिघडेल, असा प्रश्न काही जण विचारतात. काळविटांचे कळप ज्वारी-हरभऱ्यात शिरतात म्हणून मोहोळ आणि उत्तर सोलापूरचे शेतकरी त्रस्त आहेत, आणि त्या काळविटांवर माळावर शिकारी उरलाच असेल तर तो लांडगा आहे. मात्र याचा फायदा मेंढपाळाला होत नाही, तो शेतकऱ्याला होतो. आणि लांडग्याची किंमत शेतकरी मोजत नाही, ती मेंढपाळ मोजतो. हा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही. कित्येक मेंढपाळ आजही लांडग्याने नेलेले कोकरू त्याच्या वाट्याचे होते असे मानून गप्प बसतात. त्यांच्या या समजूतदारपणाचे कौतुक व्याख्यानांतून पुष्कळ होते. त्या समजूतदारपणाच्या आड शासनाने लपू नये, असे मला वाटते, कारण ज्याच्याकडे शंभर मेंढरे आहेत त्याला दोन कोकरांचा वाटा सोडणे परवडते. ज्याच्याकडे पंचवीस उरली आहेत आणि ज्याचा मुलगा पुण्यात कामाला जायचे म्हणतो आहे, त्याला ते परवडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या वाड्याच्या बाजूने आहेत. स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळाने घटनेच्या जागेचे आणि मृत जनावराचे ठिकाण व वेळ नोंदणारे छायाचित्र काढून १९२६ वर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवले, तर तीच वर्दी मानावी आणि वाडा पुढे गेला म्हणून प्रकरण बंद करू नये. पंचनामा घटना जेथे घडली तेथे व्हावा, पण पुढचा प्रस्ताव त्याच्या मूळ गावच्या वनपरिक्षेत्रात दाखल करण्याची मुभा असावी, म्हणजे चकरा वाचतील. मालकीचा पुरावा म्हणून मेंढीच्या कानातला बारा अंकी बिल्ला ग्राह्य धरावा. जनावरांना बिल्ले मारण्याची मोहीम शासनाचीच आहे, तिचा उपयोग मेंढपाळाला व्हायला काय हरकत आहे? उचलून नेलेल्या कोकरांसाठी पाऊलखुणा, रक्त-लोकर आणि ज्याच्या शेतात मेंढरे बसली होती त्या शेतकऱ्याची साक्ष यांवर निदान अंशतः भरपाई द्यावी. खोट्या प्रकरणांची भीती दाखवली जाईल. ती खरी आहे, पण खतासाठी मेंढरे बसवून घेणारा शेतकरी आणि त्याच गावचा पोलीस पाटील दोघेही खोटी साक्ष देतील असे गृहीत धरून व्यवस्था चालवता येत नाही. आणि सर्वांत आधी, अंगावर वाहून नेता येईल अशी उंच, मजबूत जाळी आणि सौर दिवे वाड्यांना अनुदानावर द्यावेत. नुकसान झाल्यावर पंधरा हजारांसाठी फायली चालवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

हे काम सुरू करण्यासाठी वेगळी समिती नेमण्याची गरज नाही. दिवाळीच्या अमावास्येला मंगळवेढा तालुक्यातील हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेसाठी जिल्ह्यातून आणि कर्नाटकातूनही मेंढपाळ समाज मोठ्या संख्येने येतो, आणि तेथून परतल्यावर बरेच वाडे वाटेला लागतात. जिल्हा प्रशासन, वन विभाग आणि पशुसंवर्धन विभाग यांनी यंदाच्या यात्रेत एकत्र बसून मेंढपाळांची नोंदणी करावी, त्यांची बँक खाती व आधार तपशील एकदाच घेऊन ठेवावेत, मेंढरांना बिल्ले मारावेत, कोणत्या वाटेने कोणता वाडा जाणार आहे ते लिहून घ्यावे, आणि त्या वाटेवरील वनरक्षकांचे क्रमांक त्यांना द्यावेत. यात्रेला अजून अवधी आहे. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी या तिन्ही विभागांची एक बैठक घ्यावी, अशी आपल्या वृत्तपत्रातून मी विनंती करीत आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक, सोलापूर